विमावाल्याला चहा

घाटकोपर, ता. १ फेब्रुवारी २०२५

ती. अंबादासदादास,
शकुचा सप्रेम जय भीम. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून लिहिते. दादा, वाट लागली रे! टेम्पोने मला उडवलं, त्याच्या भरपाईची केस उलटतेय, आणि ती मीच उलटवली.

माधुरीताई वकील म्हणतात, भरपाई तीन तऱ्हांची. दवाखान्याचा खर्च, त्याची बिलं आहेत. माझ्या डब्यांची बुडालेली कमाई, त्याला गिऱ्हाइकं साक्षीला आहेत. तिसरी दुखण्याची आणि कायमच्या अधूपणाची. मोठी तीच, तिच्यातूनच पायाचं दुसरं ऑपरेशन व्हायचंय. पण दुखण्याची पावती कुठून आणू?

विमा कंपनीचा माणूस घरी चौकशीला आला. हे कामावर होते. दारात आलेल्याला कोरडं कसं पाठवू? ओटा धरून उभी राहिले, चहा केला, वर गरम थालीपीठ. हसत वाढलं. तो खाऊन गेला आणि लिहून दिलं की बाई उभ्याने स्वयंपाक करतात, त्रास दिसत नाही. नंतर मी पाय उशीवर घेऊन रडत पडले, ते त्याला कुठे दिसलं? ऑपरेशन नाही झालं तर पाय जाईल, दादा. फार भीती वाटते.

वहिनीला जय भीम. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी शकु

मंठा, ता. ८ फेब्रुवारी

चि. शकुस,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचून कपाळाला हात लावला. अगं येडे, त्याला थालीपीठ? वर लोणीही घातलं असशील! लहानपणी काटा मोडला तरी हसत चालायचीस. ती खोड आता मोड.

सवय लावायला मीच येतो, १६ तारखेला रविवारी. मी दारात आलो तरी उठायचं नाही. पाणीसुद्धा द्यायचं नाही. उठलीस तर आल्या पावली परत जाईन, सांगून ठेवतो. कोर्टात साक्षही देईन. ऐकू येत नसलं तरी बोलता येतं ना!

माया ठेव, पण बसून.
तुझा दादा

घाटकोपर, ता. १८ फेब्रुवारी

ती. दादास,
सप्रेम जय भीम. वि. वि. तू सुखरूप पोचल्याचं वहिनीने कळवलं. परवा तू आलास, मी पलंगावरून हलले नाही. पाणी तूच घेतलंस, चहा तूच केलास. केवढी साखर घातलीस रे! डोक्यावर हात ठेवून म्हणालास की शाबास शकु, शिकलीस. तुझा चेहरा इतका फुलला होता, मी गप्प राहिले.

दादा, मी नाही रे शिकले. जिन्यात तुझा खोकला ऐकला आणि उठायला गेले. पाय जागचा हललाच नाही. काल डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले आता ऑपरेशनचाही उपयोग नाही. माधुरीताई म्हणतात, केस भक्कम झाली.

साक्षीला ये. एवढंच सांग, की तू दारात आलास आणि तुझी शकु उठली नाही.

माया असू दे, आता तिचाच आधार.
तुझी शकु