दसऱ्याचं तोरण

वॉटफर्ड, रविवार, १२ ऑक्टोबर

डायरी लिहायचं रोज उद्यावर ढकलत होतो. आज कॅनॉलकाठच्या बाकावर बसून लिहितोय, कारण पाण्यातल्या त्या हंस पक्ष्याला सोडून घरी जाववत नाही.

दसऱ्याचं सुकलेलं तोरण मामीनं माझ्या हातात दिलं होतं. "निर्माल्य आहे रे, कचऱ्याच्या बिनमध्ये नको. वाहत्या पाण्यात सोड." सोडलं. कॅनॉलचं पाणी वाहतं कुठे म्हणा! झेंडू गळून गेले, नायलॉनचा हिरवा दोरा राहिला. तोच हंसाच्या पायात गुंतलाय.

इथे येण्याआधी लीड्स शहर सोडलं, मग बेसिंगस्टोक सोडलं. वाटायचं, आपण मागे काहीच ठेवत नाही. ठेवलंच असेल की... जाऊ दे, थकलोय. अडकलेले पक्षी सोडवणाऱ्या संस्थेचे लोक उद्या येतो म्हणाले. तोवर पाय राहील त्याचा?

मघाशी फोन करून मामीला हंसाचं सांगितलं. "तू टाकलंस, की मी टाकायला लावलं?" म्हणाली, आणि फोन ठेवला. रागावली असणार.

हिरवा दोरा आणखी आवळल्यासारखा दिसतोय.

पुलावरून कोणीतरी येतंय, हळूहळू, कठडा धरून. मामी! गुडघ्यांमुळे कोपऱ्यावरच्या दुकानातही न जाणारी मामी. एका हातात शिवणाची कात्री, काखेत हंसाला काठाशी बोलवायला कालच्या पोळ्यांचा डबा.