सात माश्यांची नेढी

ता. ११ फेब्रुवारी

चि. गजर यास,
अ. उ. आ.

ठरलं एकदाचं. जूनचा दुसरा आठवडा, पाच दिवस, डोंगरातल्या दोन नद्या, एक वाटाडी बाई आणि आपण दोघं बहीणभाऊ. दुकान बंद केलं की नदीत उभं राहून मासे धरायचे, हे तू गेली कित्येक वर्षं मला ऐकवतोयस. तुझ्या घड्याळांच्या दुकानाला कुलूप लागून चार महिने झाले. आता कसली सबब? मी तुला न विचारता नोंदणी करून टाकली आहे. आगगाडीच्या चौकशीच्या खिडकीत बत्तीस वर्षं बसून मी एवढंच शिकले, की माणसाला जायचंय का म्हणून विचारलं तर तो विचार करत बसतो. त्यापेक्षा सरळ फलाट सांगून मोकळं व्हावं.

वहिनीला समजावून सांग, की आपण गांडुळं घेऊन काठावर पेंगत बसणाऱ्यांतले नाही. याला फ्लाय-फिशिंग म्हणतात. पिसं आणि दोरा गळावर बांधून खोटी माशी करायची, ती लांब दोरीने अलगद पाण्यावर टाकायची आणि मासा फसला की त्याला धरून पुन्हा सोडून द्यायचं. सोडायचाच तर धरायचा कशाला, असं तुझे भावोजी विचारतात. मी त्यांना उत्तर देणं सोडून दिलंय.

तुझ्याकडे दोन कामं. सोबतचा फॉर्म भरून परस्पर वाटाडीला पाठव. आणि मला बारा माश्या बांधून दे, अगदी बारक्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. मागे तू दिलेल्या माश्या तिने उन्हात धरून निरखल्या आणि हे कुणाचं काम म्हणून विचारलं होतं. मी फार भाव खाल्ला.

घरातल्या सगळ्यांना पहाटे पाचला उठवणाऱ्या बाळाचं नाव मी गजर ठेवलं होतं. साठी उलटली म्हणून ते बदलणार नाही. पत्रच लिही. फोनवर तू हं च्या पुढे जात नाहीस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई


ता. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. न विचारता नोंदणी केलीस, यात नवल काहीच नाही.

जून थोडा अडचणीचा वाटतो. उजवा गुडघा कुरकुरतो. शिवाय हिची बहीण त्याच सुमारास राहायला यायचं म्हणते. रबरी विजारीखाली घालायचे ते जाड बूट माझ्या मापाचे मिळत नाहीत. पाणीही जूनमध्ये फार गार असेल. तू एखाद्या मैत्रिणीला घेऊन गेलीस तर मला वाईट वाटणार नाही. पुढच्या वर्षी पाहू.

माश्या बांधतो आहे. वेळ लागेल.

अक्षर मोठं आलं आहे. पेन नवं आहे, जाड टोकाचं.

भावोजींना नमस्कार. आहे तो लोभ राहू द्यावा.

तुझा
गजर


ता. १९ मार्च

चि. गजर यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र म्हणजे नुसता सबबींचा कारखाना. गुडघ्यासाठी पट्टा मिळतो. वहिनीची बहीण वहिनीकडे येणार, तुझ्याकडे नव्हे. तू आठवडाभर घरात नसलास तर त्या दोघी पेढे वाटतील. बूट वाटाडीकडे सगळ्या मापांचे आहेत, मी विचारून घेतलं. पाणी गार असतं म्हणूनच त्यात ट्राउट मासे असतात. कोमट पाण्यात मासे धरायचे असतील तर न्हाणीघरात बस.

मैत्रिणीला ने म्हणतोस. अरे, मैत्रिणींना न्यायचं असतं तर मी एवढी वर्षं तुझं दुकान बंद व्हायची वाट कशाला बघितली असती?

आणि पेन जाड म्हणून एका पानावर सात ओळी? पहिलीतली मुलंसुद्धा तुझ्यापेक्षा बारीक लिहितात. जुनंच पेन वापर बाबा.

एक सांगू का? खिडकीशी येणारे पुष्कळ लोक विचारायचे एक आणि त्यांच्या मनात असायचं दुसरं. गाडीची वेळ विचारणाऱ्या बाईला खरं म्हणजे जायचंच नसायचं. तुझ्या पत्रातून मला तसा वास येतोय. काय असेल ते बोल. फॉर्म आधी पाठव.

रागावले तरी जीव आहेच तुझ्यावर, हे विसरू नकोस.

तुझी
ताई


ता. ५ एप्रिल

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

आपल्या भावांचा फॉर्म मिळाला. वजन, उंची, बुटांचं माप, पोहता येतं का, हे सगळं व्यवस्थित आहे. फक्त दृष्टीबद्दलचा रकाना कोरा आहे आणि सही चौकटीच्या बरीच खाली, कागदाच्या कडेला गेली आहे. सही चालेल, पण रकाना चालणार नाही. पाण्याखालचे दगड शेवाळलेले असतात. माणसाला किती दिसतं हे ठाऊक असल्याशिवाय मी कुणाला प्रवाहात उतरवत नाही. आजवर माझ्याकडून कुणी वाहून गेलं नाही, ते या एका हट्टामुळे.

त्यांना दोन पत्रं घातली, उत्तर नाही. महिनाअखेरपर्यंत रकाना भरून आला नाही, तर नाइलाजाने त्यांची जागा दुसऱ्यांना द्यावी लागेल. आपली जागा पक्की आहे. पण आपण त्यांच्याशिवाय याल असं मला वाटत नाही, म्हणून कळवलं.

नदीला सध्या पाणी छान आहे. आपला स्नेह आहेच, तो वाढावा.

आपली
वाटाडी


ता. १२ एप्रिल

चि. गजर यास,
अ. उ. आ.

तुझी डबी परवा आली. बारा माश्या, कापसाच्या गादीवर ओळीने निजवलेल्या. एवढं सुंदर काम की मी भावोजींना झोपेतून उठवून दाखवलं. मग एक माशी दोरीला बांधायला घेतली. गळाच्या टोकाला सुईसारखं नेढं असतं, त्यातून दोरा ओवावा लागतो. दोरा जाईना. चष्मा लावून पाहिलं तर नेढं व्हार्निशने बुजलेलं. दुसरं पाहिलं, तेही तसंच. बारांपैकी सात बुजलेली. ओवताच येणार नाहीत अशा सात माश्या!

दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चूक म्हटलं असतं. पण हाताखालून जाणाऱ्या घड्याळात धुळीचा कण राहिला तर तू दिवसभर जेवत नव्हतास. तुझ्या हातून एक नेढं बुजलं तर मी समजू शकते. सात? म्हणजे मुद्दाम. तोंडाने नाही म्हणवत नाही म्हणून हे असं कळवलंस ना? फॉर्ममधला रकाना कोरा ठेवलास, तोही जागा जावी म्हणूनच. वाटाडीने मला सगळं लिहिलंय.

मग मीच बोलते. आई गेली तेव्हा मी नदीत उभी होते. तुझ्या घरी ती अंथरुणाला खिळलेली आणि मी चार डोंगरांपलीकडे मासे धरत होते. तिसऱ्या दिवशी मी पोचले, तू दार उघडलंस, माझी बॅग हातातून घेतलीस आणि पाणी आणून दिलंस. एक शब्द बोलला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं रे. आठ वर्षं झाली, मी त्या शब्दाची वाट बघतेय. त्याच पाण्यात माझ्या शेजारी उभं राहायची तुझी इच्छा नसेल, तर मला ते कळतं. वाईट वाटतं, पण कळतं. फक्त तू ते स्वतःच्या हाताने लिही. मग मीही नाव काढून घेईन आणि नदीचा विषय पुन्हा काढणार नाही.

राग असला तरी लोभ राहील ना, एवढंच विचारते.

तुझी
ताई


ता. २० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिने मला वाचून दाखवलं. शेवटच्या परिच्छेदानंतर ती आधी पाणी प्यायली आणि तिने मला सांगितलं, की आज उत्तर लिहिलं नाहीस तर मी लिहीन. म्हणून लिहितो.

माझे डोळे गेले आहेत. पूर्ण नाही. डॉक्टर म्हणतात, पडद्याचा मधला भाग झिजला आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. घड्याळाकडे पाहिलं तर आकडे दिसतात, काटे दिसत नाहीत. माणसाकडे पाहिलं तर कान दिसतात, चेहरा नाही. याच्यावर ऑपरेशन नाही, पण काळोखही होणार नाही म्हणतात. दुकान निवृत्तीसाठी बंद केलं नव्हतं. केसाएवढी स्प्रिंग माझ्या हातून एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात मोडली आणि मला ती मोडलेली दिसलीसुद्धा नाही. त्या संध्याकाळी कुलूप लावलं. तुला सांगायचं नाही अशी हिला शपथ घातली होती.

माश्या मी बोटांनी चाचपून बांधल्या. दोरा सुटू नये म्हणून डोक्याशी व्हार्निशचा थेंब सोडला की नेढ्यात सुई घालून ते साफ करायचं असतं. बाराही वेळा सुई घातली होती. सात वेळा ती बाजूला गेली, हे मला तुझ्याकडून कळतंय. मी तर बाराही साफ आहेत असं समजून डबी बांधली होती.

रकान्यात खरं लिहिलं तर ती बाई नाही म्हणणार. खोटं लिहिलं तर तिच्या गळ्याशी येणार. म्हणून कोरा ठेवला. तुझ्या शेजारी उभं राहायचं नाही असं कधीच नव्हतं. पाण्यात पडून तुझी पाच दिवसांची मजा घालवायची नव्हती.

आता आईचं. ताई, तू ज्याची वाट बघतेस तो शब्द माझ्याकडे नाही. असलाच तर तो तुझ्याकडे असायला हवा, मला बोलायला. तेव्हाच्या तुझ्या तळावर बिनतारी यंत्र होतं. मला निरोप पाठवता आला असता. डॉक्टर महिना सांगत होते. मी आईला विचारलं, ताईला बोलावू का. तिने विचारलं, ती आत्ता काय करत असेल. मी म्हटलं, कंबरभर पाण्यात उभी असेल. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, उभी राहू दे, जन्मभर खिडकीत बसली आहे. मग मी निरोप पाठवला नाही. दोनच दिवसांनी सगळं उलटलं. तू दारात आलीस तेव्हा मला हे सांगायचं होतं, पण तू विचारशील, का नाही बोलावलंस, आणि मला उत्तर देता येणार नाही, या भीतीने मी पाणी आणायला आत गेलो. तेव्हापासून आतच आहे म्हण.

चूक माझी होती. क्षमा कर म्हणायला आठ वर्षं लागली. लोभ उरला असेल तर थोडा माझ्या वाट्याला ठेव.

तुझा
गजर


ता. २९ एप्रिल

चि. गजर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. आज पूर्ण लिहिते.

वहिनी, हे पत्र तुम्ही वाचून दाखवणार, म्हणून मोठ्याने आणि न गाळता वाचा.

आधी मला तुझा राग आला. खोटं कशाला बोलू? अर्धा तास मी घरभर फिरले, दोन कपाटं उगाच आवरली, भावोजींवर ओरडले. मला बोलावायला हवं होतंस. मी आले असते, तिचा हात धरला असता. ते गेलं ते गेलंच. पण मग आई ठसका लागेपर्यंत हसली ते पुन्हा वाचलं. गेली आठ वर्षं मला वाटायचं, ती माझ्या नावाने दाराकडे डोळे लावून गेली. ती हसत होती रे! मला उभी राहू दे म्हणाली! हे तू एवढ्या वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर मी किती रात्री झोपले असते. गाढवा. आता झोपते आहे. या आठवड्यात रोज आठ-आठ तास झोपले, भावोजी नाडी बघायला यायचे बाकी राहिले.

डोळ्यांचं ऐकून रडले, तेही लिहिते. तुझ्यासाठी रडले आणि तुला मुद्दाम म्हटलं म्हणून रडले. बुजलेल्या सातही माश्या मी तापवलेल्या सुईने मोकळ्या केल्या. तीन वेळा बोट भाजलं. तू हे आंधळेपणाने कसं बांधतोस ते तुझं तुला माहीत.

वाटाडीला मी सगळं खरं कळवलं, तुझ्या परवानगीची वाट न बघता. ती म्हणाली, एवढंच होतं तर रकान्यात लिहायचं, तो त्याचसाठी आहे. तिचं म्हणणं, धड डोळ्यांची निम्मी माणसं पाण्याऐवजी स्वतःच्या बुटांकडेच बघत बसतात. पाण्यावर तरंगणारी माशी तुला जमणार नाही, पण पाण्याखाली बुडवायची जड माशी असते, तिला मासा कधी तोंड लावतो ते कुणालाच दिसत नाही. दोरी बोटात धरून ठेवायची आणि बोटाला कळतं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या बोटांचा माणूस मिळत असेल तर हवाच आहे म्हणाली. गुडघ्याच्या वर पाणी नाही, तिचा हात दंडात, आणि पायाखालचं दिसलं नाही की तिथल्या तिथे सांगायचं. सबब सांगायची नाही, ही अट माझी.

तुझी जागा पक्की झाली. रकाना मी भरला, सही मात्र तुझी लागेल. कडेला गेली तरी चालेल.

लोभाची वाटणी कसली मागतोस? सगळा तुझाच आहे.

तुझी
ताई

ता. क. गाडी सकाळी सव्वादहाला येते, फलाट तीन. त्या वेळी उतरणाऱ्यांची झुंबड असते. मला शोधत बसू नकोस. डब्याच्या दारापासून दोन पावलं बाजूला हो आणि बॅग खाली ठेवून उभा राहा. मी शोधते तुला.