एकट्याची कॅसेट

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर पत्र लिहायला बसणं म्हणजे वरातीमागून घोडं, हे मला कळतं. जन्मभर वरातीच्या पुढे ट्रंपेट वाजवत चाललेल्या माणसाला तर ते वेगळं सांगायलाच नको. पण आज रविवार आहे, गंगापूर रोडच्या या फ्लॅटमध्ये सकाळपासून माझ्याशी कुणी बोललेलं नाही, आणि मी ती एकट्याची कॅसेट ऐकत बसले आहे. कॅसेट केव्हाच खराब झाली, आता फोनवर ऐकते. तुम्हाला ती आठवेल.

आई गेल्यावर घरात आपण दोघंच होतो. लगीनसराई संपली की तुम्ही दिवसभर घरी. त्या दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा तुम्ही मोरीत बसून चिंचेने ट्रंपेट घासत होता आणि इकडे स्टोव्हवर वरण उतू चाललं होतं. मी आधी स्टोव्ह बंद केला, मग मैत्रिणीच्या भावाने अमेरिकेहून आणलेली कॅसेट टेपमध्ये घातली. हे स्पॅनिशमधलं रॅप आहे, याला लॅटिन हिप हॉप म्हणतात, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं, जसं काही मला त्यातलं अक्षर कळत होतं. तुम्हाला वाटलं, हा कुणाशी तरी भांडतोय. एवढं काय बिघडलं याचं, असं विचारलंत. मग एका गाण्यात मागे ट्रंपेट वाजायला लागलं आणि तुमचा हात थांबला.

ते गाणं तुम्ही मला पुन्हापुन्हा मागे घ्यायला लावता. वरण गार होतं. शेवटी तुम्ही म्हणता, "हा दम घेतच नाय." मला हसू येतं. एकदाच वाजवलेला तुकडा यंत्राने पुढे पुढे जोडत नेलाय, त्यात दम कुठून येणार, असं मी समजावते. तुम्हाला ती चक्क फसवणूक वाटते. मग तुम्ही कव्हर हातात घेऊन बघत राहता. भिंतीला टेकून उभा राहिलेला, हातभर गोंदवलेला एक माणूस. बाकीचा ताफा कुठाय याचा, तुम्ही विचारता. मी सांगते की आधी हा एका ग्रुपमध्ये होता, त्यातून बाहेर पडून केलेला हा त्याचा एकट्याचा पहिला अल्बम आहे. आणि कौतुकाच्या भरात हेही म्हणते की तुम्हीसुद्धा आता एकट्याचं काही काढा, दुसऱ्याच्या बँडमध्ये किती दिवस वाजवणार. त्यावर तुम्ही रागावलात. तुम्ही सहसा रागवायचा नाहीत, म्हणून शब्द लक्षात राहिले.

"एकट्याचं लय कौतुक नको करू. मी दम घ्यायला थांबतो तवा जोडीदार सूर धरतो. तो थांबला की मी धरतो. म्हणून लोकांना वाटतं, गाणं तुटलंच नाय. एकट्याचं तुटतं."

तुमचे ते जोडीदार चांदवडचे, दुसरं ट्रंपेट वाजवणारे. संध्याकाळी ते आले, आणि तुम्ही दोघांनी ती चाल ऐकून ऐकून बसवली. पुढच्या लगीनसराईत नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला की तुम्ही तीच सुरू करायचात. काठी टेकत आलेल्या आज्याही त्यावर नाचल्या. ही नव्या हिंदी पिक्चरची चाल आहे, असं एका वऱ्हाड्याने तुम्हालाच छातीठोकपणे सांगितलं, आणि तुम्ही मान डोलावलीत. घरी येऊन ते सांगताना तुम्ही किती हसला होता. मी तुम्हाला तसं हसताना फार कमी पाहिलं.

मग गावोगाव डीजे आले. बँड निम्मा झाला. जोडीदार सातपूरच्या एका कंपनीत वॉचमन झाले. तुम्ही संध्याकाळी पायऱ्यांवर बसायला लागलात. सायखेड्याला माझ्या मैत्रिणीच्या भावाचं लग्न होतं, तिथे मी वऱ्हाडात होते आणि तुम्ही वाजवायला. एक ढोल, एक ताशा आणि तुमचं एकट्याचं ट्रंपेट. तुम्ही तीच चाल घेतलीत. दम घ्यायला थांबलात आणि गाणं तुटलं. पोरं नाचता नाचता उभी राहिली. तुम्ही पुन्हा उचललंत, ते पुन्हा तुटलं. त्यानंतर तुमची छाती धरली ती धरलीच.

तुमचं वाजवणं कुणीच टेप केलेलं नाही, अण्णा. बँडवाल्याचं कोण करतं? मला तुमचा खोकला आठवतो, चपलांचा आवाज आठवतो, पण तुमचं ट्रंपेट कानात येत नाही. आठवायला गेले की त्या अल्बममधलंच वाजतं, दम न घेणारं. याची मला भीती वाटते. म्हणून गेल्या महिन्यात मैत्रिणीने सायखेड्याच्या त्या लग्नाची शूटिंगची कॅसेट शोधून तिचा व्हिडिओ फोनवर पाठवला, तेव्हा मी दाराला कडी घालून बसले. गोदावरीकडच्या वळणावरून तुम्ही येता. लाल कोट, फुगलेले गाल. आणि ऐकू काय येतं, तर सिनेमातलं गाणं. त्या काळी शूटिंगवाले सगळ्याच वरातींवर वरून सिनेमाची गाणी चढवायचे, त्याशिवाय कॅसेट भारी वाटत नसे. त्या गाण्याने खालचा सगळा आवाज पुसून टाकला होता. मी खूप रडले.

मग व्हिडिओचा आवाज बंद केला आणि त्याच्यावर अल्बममधली चाल लावून पाहिली. जुळत नाही. तुम्ही ट्रंपेट खाली घेता आणि ती आपली पुढे निघून जाते. शेवटी तीही बंद केली.

हे पत्र घडी घालून चिंचेच्या बरणीखाली ठेवीन, पोस्टात टाकायला पत्ता नाही. एवढंच कबूल करायचं होतं की रोज संध्याकाळी मी तुमचा तो व्हिडिओ आवाज बंद करून लावते. तुमचे गाल फुगलेले असतात तोवर गप्प बसते. तुम्ही दम घ्यायला थांबलात की मी गुणगुणते. सूर माझा खालीच लागतो, पण तुम्ही ट्रंपेट पुन्हा ओठाला लावेपर्यंत धरून ठेवते.