ट्रेसिंगचं कापड

रोहा, १२ एप्रिल, शनिवार

स्त्री आर्किटेक्टांचे जुने कागद जपून ठेवणारी एक मुलगी सोमवारी मुंबईहून येणार आहे. म्हणून आज पेणला दादाकडे माझे नकाशे आणायला गेले. इथल्या प्रसूतिगृहाचे, तेव्हाच्या रीतीने खळ दिलेल्या ट्रेसिंगच्या कापडावर काढलेले. बाकी जन्मभर रेघा मी मारल्या आणि सही ह्यांनी केली. माझ्या सहीचे तेवढेच. मुद्दाम पक्क्या शाईने, दाबून केली होती. पण घरातलं कपाट ह्यांच्या नकाशांनी भरलेलं, माझे गेले दादाच्या माळ्यावर.

गच्चीत वहिनींचे पापड वाळत होते. खाली पांढरंशुभ्र, तलम कापड. हात लावला आणि पोत ओळखला.

"तुझीच ती मेणचट गुंडाळी गो," वहिनी म्हणाल्या. "उकळली, खळ गेली, कशी मलमल निघाली बघ. तूच नाय का शिकवलंस?"

शिकवलं होतं. ऑफिसातले बाद नकाशे उकळून मीच त्यांना रुमाल करून द्यायचे. पण बाद कुठले नि ठेवायचे कुठले, हे कधी सांगितलं? इतकी वर्षं एकदा तरी माळ्यावर चढून पाहिलं? आता चिडायचं कोणावर?

एवढ्या तलम कापडावर एक रेघ उरली नव्हती. वहिनींनी कोपऱ्यातला पापड उलटला. त्याखाली माझी सही, फिकट.

"तेवढा डाग मात्र तीनदा उकळून पण नाय गेला," त्या ओशाळून म्हणाल्या.