पोपटाचा उष्टा पेरू

मंगळवार, संध्याकाळ

आंदर मावळातून आत्या पोपटाचा उष्टा पेरू घेऊन आली. "चिऊला भरव. पोपटावानी बोलंल बघ." साडेतीन वर्षांची माझी लेक हाकेलासुद्धा वळत नाही, त्यावर हा इलाज! दाराआडून मेव्हण्याची कुजबूज ऐकलीच मी, "मोबाइलचं याड, दुसरं काय न्हाई." स्वतः दिवसभर रील बघतो आणि इथे अक्कल पाजळतो.

पण तो पेरू चिरून भरवला कुणी? मीच. चिऊने थुंकून टाकला. घरात शहाणी ती एकटीच.

ऑटिझमची तपासणी करून घ्या, ही डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी तीन महिने माझ्या चिक्कीच्या दुकानात, गल्ल्यात पडून आहे. उद्या दुकान बंद ठेवून तिला पुण्याला नेतो. आत्याला कसला हसतो मी? तिला वाचता येत नाही. मी ती चिठ्ठी रोज वाचतोय.