वळलो तेव्हा पाय दिसले

देवरी, रविवार, दिवेलागण

आज हसू आवरतच नाही. निवृत्त बिशपाला, या वयात शोभतं का हे? न शोभो.

जुनी लॅटिन मिस्सा, म्हणजे वेदीपुढची उपासना, सोडत नाही म्हणून मला चर्चमध्ये बंदी. घरच्या पडवीत एकट्याने करा, लोक जमवू नका, हा नव्या बिशपांचा हुकूम. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीतला माझाच विद्यार्थी तो! तेव्हापासून रोज वेदीपासून मागे वळायचं, 'प्रभू तुमच्याबरोबर असो' असं रिकाम्या पडवीला लॅटिनमध्ये म्हणायचं आणि उत्तरही आपणच द्यायचं.

आज वळलो आणि उत्तर समोरून आलं. बायकांच्या आवाजात, चक्क लॅटिनमध्ये! वळताना नजर खाली ठेवायची, हा जुना नियम. त्यामुळे मला दिसले ते फक्त पाय. धानाच्या रोवणीच्या चिखलाने माखलेले, भेगाळलेले. काय ते पाय!

नंतर शेजारची फुलमती म्हणाली, "बाबा, तुमी रोज भिंतीसंगं बोलून राहिले. आयकून आयकून पाठ झालं आमाले. मंग जवाब कायले नाई देऊ?"

मघाशी नव्या बिशपाचा फोन आला. "लोक होते का?"

खोटं कशाला बोलू? "तोंडं पाहिली नाहीत. पाय होते."

आता रागावणार, वाटलं.

"सरावात वळताना नजर वर गेली म्हणून तुम्ही मला भर वर्गात उभं केलं होतं, आठवतं?" मग हळूच, "बंदी आहेच. पण पुढच्या रविवारी आणखी दोन पाय आले, तर नजर खालीच ठेवा."