ड्रायव्हर नसलेल्या गाडीचा ड्रायव्हर

३ फेब्रुवारी
नशीब फळफळलं. डिझाइनवाले साहेब आज आमच्या पॉलिश खात्यात आले, सगळ्यांना रांगेत उभं केलं, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. प्रदर्शनातली नवी गाडी स्टेजवर मी चालवायची! फोरमन म्हणाला, तूच सगळ्यांत बुटका आणि काटकुळा, म्हणून. जळतात लोक.
हिला सांगितलं. म्हणाली, अहो, तुम्हाला लिफ्टमध्ये घाम फुटतो. लिफ्ट वेगळी, गाडी वेगळी. हिला कोण समजावणार?

४ फेब्रुवारी
गाडी पाहिली. नुसतं बघत राहावं असं रूप. इंजिन नाही. बॅटरीवरची छोटी मोटर, माणसाच्या चालीने जाते. सीटही नाही, पालथं झोपून चालवायची. काचा आतून काळ्या रंगवल्यात. नाकाशी एक भोक, त्यातून जमिनीवरची पांढरी पट्टी दिसते, तिच्यावरून जायचं. दार आतून उघडत नाही. रिमोट साहेबांच्या खिशात.
पाचावर धारण बसली वगैरे काही नाही. नोंद म्हणून लिहिलं.

६ फेब्रुवारी
आतून एक कडी मागितली. साहेब म्हणाले, कडीने आतली रेषा बिघडते. काचा काळ्या आहेत, आत बघणार कोण, हे मला घरी आल्यावर सुचलं.
साहेबांनी कॉरिडॉरमधले फोटो दाखवले. पूर्वी नुसत्या प्रदर्शनासाठी बनवलेल्या, स्वप्नातल्या गाड्या. एकीला विमानासारखे पंख, एकीला काचेचं घुमटासारखं छप्पर, एक पुढून पाचरीसारखी निमुळती. म्हणाले, यातली एकही विकायला आली नाही, पण प्रत्येकीचं काही ना काही आज रस्त्यावर फिरतंय. कुणाचा दिवा, कुणाचं दार. असेल. आपली मात्र विकली जाणार. मी चालवल्यावर कोण घेणार नाही?

९ फेब्रुवारी
प्रॅक्टिस. दार बंद झालं. पोटात कळ आल्याचं सांगून लगेच बाहेर आलो. कळ येतच होती. उद्यापासून रोज श्वासाचा व्यायाम.

१० फेब्रुवारी
व्यायाम राहिला. त्यासाठी डोळे मिटावे लागतात, आणि मिटले की ते दार बंद होतं.

१३ फेब्रुवारी
आज पूर्ण पट्टी पार केली. तोंडात रुमाल कोंबून. हिला आणि मेहुण्याला पास दिले. मेहुणा बस चालवतो आणि जिथे तिथे माझी ओळख आमचे पॉलिशवाले भाऊजी अशी करून देतो. आता कळेल त्याला.

१५ फेब्रुवारी
शेवटची सूचना मिळाली. आत शिंकायचं नाही, खोकायचं नाही. मोठे साहेब स्टेजवरून सांगणार आहेत की ही गाडी ड्रायव्हरशिवाय चालते. मी विचारलं, मग मी कोण? साहेब म्हणाले, तुम्ही नाहीच.
म्हणजे काही झालं तरी ओरडायचीसुद्धा सोय नाही. उद्या सकाळी स्पष्ट नाही म्हणून सांगणार. एकदम स्पष्ट.

१६ फेब्रुवारी, सकाळ
नाही म्हणायला गेलो. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. हो म्हणून आलो. ऐन वेळी नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ
गाडी पट्टीवरून बरोब्बर नेली, बरोब्बर थांबवली. टाळ्या. पण मोठ्या साहेबांचं भाषण संपेना. भविष्य, भविष्य आणि पुन्हा भविष्य. वरून दिवे तापलेले. हवा संपत आली, निदान मला तरी तसं वाटलं. तेवढ्यात बाहेर कुणी तरी म्हणालं की डिझाइनवाले साहेब पत्रकारांना घेऊन चहाला गेलेत. रिमोटसकट! मी मरणार, इथेच मरणार, एवढंच डोक्यात. आणि तोंडून निघालंच. दार उघडा! अहो, कुणी तरी दार उघडा!
मोठे साहेब माइकवर म्हणाले, पाहिलंत? आत कुणी अडकलं तर ही गाडी स्वतः मदत मागते.
टाळ्यांचा कडकडाट. मी आणखी ओरडलो, टाळ्या आणखी वाढल्या. पडद्यामागे ढकलत नेलं, साहेब रिमोट घेऊन धावत आले, तेव्हा कुठे दार उघडलं.
घरी मेहुणा म्हणाला, गाडी झकास, पण भाऊजी कुठे दिसले नाहीत. मी म्हणालो, कंट्रोल रूममध्ये होतो. तो गेल्यावर ही म्हणाली, मी स्टेजकडे धावले होते, दोघांनी अडवून धरलं. तुमचा आवाज मला कळणार नाही होय?
डोळ्यांत पाणी आलं. पॉलिश गेलं असावं.

२५ फेब्रुवारी
गाडी विकायला येणार नाही. गोदामात गेली, अंगावर कापड. पण मदत मागणारा आवाज सगळ्यांना पसंत पडला. आमच्या पुढच्या साध्या गाड्यांतही बसवणार. आणखी दोन कंपन्यांनी तसंच जाहीर केलंय. एका नटाकडून आवाज रेकॉर्ड करून घेतला, पण तो खरा घाबरलेला वाटत नाही म्हणे. म्हणून उद्या मला बोलावलंय. खोली छोटी, भिंतींना फोम, दार जाड, बाहेरून लागणारं.
मी ताबडतोब हो म्हटलं. त्यात भिण्यासारखं काय आहे?
ही बरोबर येते म्हणाली. दार लावू देणार नाही, मधे पाय घालून उभी राहीन म्हणाली. मी म्हणालो, अगं, रेकॉर्डिंग बिघडेल. म्हणाली, बिघडू दे.
जाड बूट घालून ये, एवढंच तिला सांगितलंय.